आधी साल, मग खून : व्हिक्टोरियन धाटणीची रहस्यकथा लिहिताना

धुकं, गॅसचे दिवे, घोडागाडी आणि पाइप ओढणारा एक तिरसट माणूस एवढं जमवलं की पहिली दोन पानं झकास होतात. तिसऱ्या पानावर गाडी अडते, कारण हे सगळं नेपथ्य झालं. त्या काळच्या गुन्हेकथेचा जीव त्या काळच्या अडचणींत आहे. पोलिसांना काय कळूच शकत नव्हतं, निरोप किती वेळात पोचत होता, कोर्टात कोणाला तोंड उघडता येत नव्हतं. या अडचणी दर काही वर्षांनी बदलत गेल्या. म्हणून नव्याने लिहिणाऱ्याने खून ठरवण्याआधी साल ठरवावं. 'एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस' असलं मोघम काही नको. साल, महिना आणि वारसुद्धा हवा.

साल निवडणं

राणी व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ ला वारली. या त्रेसष्ट वर्षांत जग इतकं बदललं, की १८४५ ची कथा आणि १८९५ ची कथा यांची हाताळणी एक असूच शकत नाही. लंडनच्या पोलिसांत गुप्तपोलिसांची वेगळी शाखा १८४२ मध्ये निघाली, तीही जेमतेम आठ माणसांची. आज ज्याला आपण सीआयडी म्हणतो ती रचना १८७८ ची. 'न्यू स्कॉटलंड यार्ड' ही लंडन पोलिसांच्या मुख्यालयाची थेम्सकाठची इमारत १८९० ची. १८८५ च्या कथेतला इन्स्पेक्टर तिथे बसलेला दाखवलात तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पहिल्या कथेसाठी १८८० ते १८९५ हा पट्टा सोयीचा. रेल्वे सगळीकडे पोचलेली, तार स्वस्त झालेली, टेलिफोन आहे पण फार थोड्यांकडे, आणि बोटांचे ठसे अजून पोलिसांच्या हाती नाहीत. समजा १८८६ चा नोव्हेंबर घेतला. त्या सालाचं कॅलेंडर २०२१ सारखंच आहे, त्यामुळे जुन्या मोबाइलमधलं २०२१ उघडलं की वार मिळाले. १ नोव्हेंबर सोमवारी येतो. वाराला महत्त्व आहे: लंडनमध्ये रविवारी टपाल वाटलं जात नसे, दुकानं बंद, गाड्या कमी. रविवारी आलेलं पत्र ही एकतर चूक असते किंवा उत्तम सुगावा. दोन्हींतलं काय, ते तुम्हाला आधी माहीत हवं.

तेव्हा काय कळत नव्हतं

नवशिक्यांच्या निम्म्या चुका इथे होतात. बोटांच्या ठशांची गोष्ट आपल्या जवळची आहे: बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ पासून करारांवर ठसे घ्यायला सुरुवात केली, कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचं कार्यालय निघालं, आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाच्या कामात मोठा वाटा उचलला. स्कॉटलंड यार्डात असं कार्यालय १९०१ च्या जुलैत आलं, म्हणजे राणी गेल्यावर. तेव्हा १८८६ चा तपासनीस ग्लासवरचा ठसा भिंगातून पाहू शकतो, त्यावर विचारही करू शकतो (१८८० मध्ये हेन्री फॉल्ड्सचं ठशांबद्दलचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आलं होतं), पण त्याच्या जोरावर कोणाला फासावर चढवू शकत नाही.

रक्ताचंही तसंच. डाग रक्ताचा आहे की गंजाचा, एवढं रसायनाने बऱ्यापैकी सांगता येई. ते माणसाचं की सशाचं, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ ची. रक्तगटही त्याच सुमाराचे. म्हणून 'हे सशाचं रक्त आहे' असं म्हणणाऱ्या खुन्याला खोटं पाडायचं तर प्रयोगशाळेचा उपयोग नाही. स्वयंपाकिणीला विचारावं लागतं की त्या आठवड्यात ससा कापला होता का. कथा तिथे जिवंत होते. प्रयोगशाळेचं दार बंद असल्यामुळे तपास माणसांकडे, सवयींकडे, घराच्या दिनक्रमाकडे वळतो.

विषांमध्ये आर्सेनिक लेखकांचं लाडकं, आणि त्याचं कारण कायद्यात सापडतं. मार्शची चाचणी १८३६ पासून होती, त्यामुळे मृतदेहात आर्सेनिक सापडू शकत होतं. सापडलं नाही तर ते डॉक्टरला संशयच न आल्याने, कारण लक्षणं पटकीसारखी किंवा साध्या पोटदुखीसारखी दिसत. १८५१ च्या कायद्याने विक्रेत्याला वहीत नाव, पत्ता, कारण लिहून सही घेणं भाग पडलं. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर ओळखीचा साक्षीदार लागे. शिवाय किरकोळ विकायच्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे ते साखर समजून कोणी खाऊ नये. यातून तीन सुगावे आपोआप मिळतात: औषधवाल्याची वही, साक्षीदार म्हणून आलेला माणूस, आणि दुधाच्या पेल्याच्या तळाशी राहिलेली निळसर झाक. आता उलटा विचार करा. तळाशी झाक नसेल तर विष किरकोळ दुकानातून आलेलं नाही. मग घरात कोणाचा संबंध कारखान्याशी, मेंढ्यांच्या कळपाशी किंवा माशा मारायच्या कागदांशी येतो? संशयितांची यादी अर्धी झाली.

एक दिवस घड्याळाने मांडा

खुनाच्या दिवसाचं वेळापत्रक कागदावर काढा, पंधरा-पंधरा मिनिटांचं. यासाठी लागणारे आकडे असे.

हॅन्सम या दोनचाकी घोडागाडीत दोन माणसं बसतात. गाडीवान मागे उंचावर, आणि त्याच्याशी बोलायचं ते छतातल्या झडपेतून. म्हणजे गाडीवानाला आतलं संभाषण ऐकू येत नाही आणि चेहराही धड दिसत नाही, पण पत्ता आणि भाडं लक्षात राहतं. पहिल्या दोन मैलांना एक शिलिंग, पुढे मैलाला सहा पेन्स. एका शिलिंगात बारा पेन्स, पौंडात वीस शिलिंग. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि वकील-डॉक्टर आपली फी गिनीत सांगत. जास्त सामान, जास्त माणसं किंवा आजारी बाई असेल तर चारचाकी गाडी बोलवा. हॅन्सममध्ये चौघांना कोंबलेल्या कथा दरवर्षी वाचायला मिळतात.

लंडनच्या मध्यभागात टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई. सकाळी टाकलेलं पत्र दुपारी हातात आणि उत्तर संध्याकाळी परत, हे सहज शक्य. लिफाफ्यावर तारखेचा शिक्का असतोच, तो तपासनीसाला वाचू द्या.

सूर्याचं गणित चुकवू नका. डिसेंबरच्या मध्यात लंडनला चारच्या आधी अंधारतं. जूनमध्ये मावळतीला सव्वाआठ उलटून जातात. इंटरनेटवर मात्र सव्वानऊ उलटल्याचं दिसेल, कारण उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत १९१६ मध्ये आली. तुमची साक्षीदार बाई जूनमध्ये रात्री नऊ वाजता बागेत 'लख्ख उजेडात' कोणाला पाहत असेल, तर ती खोटं बोलते आहे किंवा तुम्ही चुकला आहात.

रेल्वेचा डबा म्हणजे तयार बंद खोली. डब्यांना आतून जोडणारी बोळ असलेली गाडी इंग्लंडात १८९२ मध्ये आली. त्याआधी प्रत्येक कप्प्याला बाहेरचंच दार. गाडी चालू असताना आत कोंडलेली माणसं आपापसात. १८६४ मध्ये टॉमस ब्रिग्ज नावाच्या बँक कर्मचाऱ्याचा अशाच कप्प्यात खून झाला आणि मोठी खळबळ उडाली; त्यानंतर १८६८ च्या कायद्याने लांब न थांबता जाणाऱ्या गाड्यांत प्रवाशांना गार्डला खूण देण्याची सोय सक्तीची झाली. १८८६ च्या कथेत खुनी कप्प्यात शिरेल तो स्टेशनवर, किंवा जीव मुठीत धरून बाहेरच्या पायपट्टीवरून. दोन्ही शक्यता तपासनीसाने नावानिशी मोडून काढल्या पाहिजेत.

गॅसच्या उजेडात गडद निळा आणि काळा यांतला फरक कळत नाही. साक्षीदाराने 'काळा कोट' म्हटलं म्हणजे तो काळाच असेल असं नाही. हा सुगावा फुकटात मिळतो आणि फार कमी लोक वापरतात.

तारेचा एक सुगावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सुगावा कसा घडवायचा ते एकाच उदाहरणात पाहू. लंडनच्या ब्लूम्सबरीत एक म्हातारा विमा-दलाल संध्याकाळी सहाच्या सुमारास मेला. कर्जबाजारी भाचा म्हणतो, मी ब्रायटनला होतो, मी पाच-चाळीसला तिथून तार केली. ब्रायटन लंडनपासून सुमारे ५० मैल; जलद गाडीनेही तास-सव्वा तास. भाचा सुटला.

आता तारेचं काम कसं चालायचं ते बघा. पाठवणारा आपल्या हाताने फॉर्म भरतो, तो फॉर्म पाठवणाऱ्या कचेरीतच राहतो. घरी येतो तो कागद तिथल्या तारवाल्याच्या अक्षरातला. त्यावर पाठवणाऱ्या कचेरीचं नाव आणि तार दिल्याची वेळ आधीच लिहिलेली असते. ऑक्टोबर १८८५ पासून दर असा: पत्त्यासकट बारा शब्दांना सहा पेन्स, पुढे शब्दाला अर्धा पेनी.

यातून दोन सुगावे निघतात. पहिला ढोबळ: घरी आलेल्या तारेवरून अक्षर ओळखता येत नाही, म्हणून तपासनीसाने ब्रायटनला जाऊन मूळ फॉर्म पाहायचा. तो फॉर्म दुसऱ्याच्या हातचा निघतो. हा पुरावा शेवटी येईल. दुसरा बारीक, आणि जास्त मोलाचा: तारेत लिहिलंय, 'ब्रायटनलाच आहे, संध्याकाळची हवा छान, उद्या दुपारपर्यंत येतो.' शिलिंग-शिलिंगसाठी हात पसरणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून ती गोष्ट का लिहितो, जी कागदावर वरती लिहून येणारच आहे? ही तार वाचकासमोर कथेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात पूर्ण ठेवा, निवेदकाला तिच्याकडे साफ दुर्लक्ष करू द्या, आणि त्याच पानावर भाच्याने गाडीभाड्यावरून घातलेली हुज्जत दाखवा. दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्या, पण त्यांचा संबंध जोडला नाही. एवढंच करायचं असतं.

रचना: मागून पुढे

लिहायला बसण्याआधी तीन रकाने आखा. पहिल्यात प्रत्यक्ष काय घडलं, क्रमाने. दुसऱ्यात त्यातलं कोणाला काय दिसलं किंवा ऐकू आलं. तिसऱ्यात ते वाचकाला कोणत्या पानावर कळतं. दुसरा रकाना रिकामा असलेली घटना म्हणजे तपासनीसाला कळायला मार्गच नाही. तिथे एक मोलकरीण, गाडीवान किंवा दूधवाला उभा करावा लागेल. आणि घरातली मोलकरीण पहाटे उठून शेगड्या साफ करते, कोळसा वर नेते, बेडरूमचं पाणी बदलते. तिला घरातलं सगळं माहीत असतं आणि तिला कोणी विचारत नाही.

त्या काळच्या मासिकांतल्या कथा साधारण सात ते दहा हजार शब्दांच्या असत. आठ हजारांची कथा धरली, तर हिशेब असा बसतो: अशिलाचं येणं आणि तक्रार दीड हजार, घटनास्थळ दोन हजार, चौकशी आणि भटकंती अडीच हजार, सापळा किंवा सामना हजार, उलगडा हजार. संशयित चार पुरेत. खरे सुगावे तीन, फसवे दोन. फसव्यालासुद्धा शेवटी साधं, पटणारं कारण द्यायचं. उलगडा दोन हजारांवर गेला की समजावं, आधीच्या पानांत कमी सांगितलंय.

अशिलाला खोलीत आणताच त्याचे बूट, बाही, बोटांवरची शाई पाहून त्याचा इतिहास सांगण्याचा प्रसंग सगळ्यांनाच लिहायचा असतो. एकदा लिहा. पण काढलेल्या अनुमानांपैकी एक पुढे उपयोगी पडलं पाहिजे, नाहीतर तो नुसता हातचलाखीचा खेळ होतो.

कायद्याची घड्याळंही वापरा. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क १८९८ मध्ये मिळाला. बहुतेक गुन्ह्यांत पत्नीला नवऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे, तेव्हा एकमेव साक्षीदार मुलीशी खुनी घाईने लग्न करतो, यात नुसता प्रेमाचा भाग नसतो. फौजदारी अपिलाचं कोर्ट १९०७ पर्यंत नव्हतं. फाशी सुनावल्यावर साधारण तीन रविवार जाऊ देत. तुमच्या तपासनीसाला तेवढाच वेळ.

लंडनच्या मधल्या 'सिटी'चे पोलिस वेगळे, बाकी लंडनचे वेगळे. परगण्यात खून झाला तर यार्डचा माणूस तिथल्यांनी बोलावल्याशिवाय जात नाही. कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी पुष्कळदा जवळच्या दारूच्या गुत्त्यातल्या मोठ्या खोलीत होई. हा प्रसंग लिहायला फार मजा येते, कारण गावातले सगळे एका छपराखाली असतात.

निवेदक

जुनी पद्धत म्हणजे तपासनीसाच्या सोबत्याने सांगितलेली गोष्ट. हा सोबती मूर्ख नको. तो सगळं नीट पाहतो, प्रामाणिकपणे नोंदवतो, फक्त त्याचं महत्त्व चुकीचं ठरवतो. डॉक्टर असेल तर जखमेकडे पाहील आणि गालिच्याकडे दुर्लक्ष करेल. वकील असेल तर मृत्युपत्राकडे पाहील. त्याचा धंदाच त्याची आंधळी बाजू. खऱ्या व्हिक्टोरियन कथांत तपासनीस पुष्कळदा वाचकापासून सुगावे लपवतो. वाचकाशी न्यायाने वागायचा दंडक नंतरचा, १९२० च्या दशकातला. आजच्या वाचकाला लपवाछपवी रुचत नाही, तेव्हा धाटणी जुनी ठेवा आणि न्याय नवा.

मराठीत उतरवताना

निवेदन 'केले, गेले, पाहिले' असं लेखी आणि संवाद 'केलं, गेलं' असे बोली ठेवले, की आठवणी लिहून ठेवणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप मिळतो. जड संस्कृत शब्द पेरावे लागत नाहीत. दोघे मित्र एकमेकांना आडनावाने आणि 'तुम्ही' म्हणत बोलू देत. घर चालवणारी बाई मिसेस अमुक, तीही 'तुम्ही'. नोकर मालकाला 'सर' म्हणेल. 'माझ्या प्रिय मित्रा' हे मराठी माणूस कधीच म्हणत नाही. तिथे नुसतं आडनाव पुरतं. आणि लंडनमध्ये पंचनामा, फौजदार, हवालदार आणू नका. ते आले की वाचक थेट पुण्याच्या फरासखाना पोलिस चौकीत पोचतो. कॉरोनर मात्र चालेल, मुंबईला तो पुष्कळ वर्षं होता.

मराठीची एक अडचण रहस्यकथेत हमखास उभी राहते: क्रियापद लिंग सांगून टाकतं. निनावी पत्रात 'मी काल आलो होतो' लिहिलं की अर्धं रहस्य गेलं. उपाय व्याकरणातच आहे. 'मी पाहिलं', 'मी ते पत्र जाळलं' ही रूपं कर्माप्रमाणे चालतात. 'मला ऐकू आलं', 'मी सांगेन' यांतूनही काही कळत नाही. सगळं निनावी पत्र अशाच वाक्यांत लिहा आणि मोठ्याने वाचून बघा, कुठे 'येतो', 'जाते' शिरलंय का. एक सावधगिरी: अशा पत्रातली लिंगाची चूक लंडनच्या कथेत सुगावा म्हणून वापरू नका. ते पत्र मुळात इंग्रजीत लिहिलेलं असणार, तिथे ही चूक घडूच शकत नाही.

मुंबईत घडणाऱ्या कथेत मात्र ती चालेल, आणि मुंबई निवडण्यासारखी आहेच. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती, आणि सगळ्यांत मोठी भेट म्हणजे दोन घड्याळं: शहर मुंबईच्या स्थानिक वेळेवर, रेल्वे मद्रास वेळेवर, आणि दोन्हींत जवळपास अर्ध्या तासाचा फरक. 'गाडी सातला सुटली' आणि 'मी सातला त्याला गिरगावात पाहिलं' ही दोन्ही विधानं खरी असू शकतात. एवढ्यावर एक कथा उभी राहते.

लंडनमध्ये भारतीय पात्र आणायचं तर शापित हिरा आणि विषारी साप घेऊन आलेला गूढ नोकर आता पुरे. खरी माणसं किती तरी वेगळी होती. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ या काळात इंग्लंडात होत्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजातही राहिल्या. दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये पार्लमेंटवर निवडून गेले. बॅरिस्टरी शिकणारे विद्यार्थी, खलाशी, साहेबाच्या मुलांबरोबर गेलेल्या आया, हे सगळे तिथे होते, आणि साक्षीदार म्हणून त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

होम्स घ्यावा का?

कायद्याने अडचण नाही. कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, ब्रिटनमध्येही ते संपले आहेत, अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मुक्त झाल्या. पण मराठी अनुवादकांचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे अनुवादातली वाक्यं उचलायची नाहीत. मालिका-सिनेमांतल्या नव्या गोष्टीही नाहीत. तरी पहिली कथा स्वतःच्या तपासनीसावर लिहावी हे बरं. होम्स घेतला की वाचक प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून पाहतो. आणि ती दोन्हीकडे टोक असलेली टोपी खेड्यात घालायची. लंडनच्या रस्त्यावर ती घालून फिरणारा त्या काळी हास्यास्पद दिसला असता.

माहिती कुठून, आणि छाटणी

लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाच्या १६७४ ते १९१३ च्या खटल्यांचे वृत्तांत इंटरनेटवर फुकट वाचता येतात. साक्षीदार कसे बोलायचे, वकील कसे खोदून विचारायचे, हे कळायला यासारखं दुसरं काही नाही. आपल्या सालाचे दहा खटले वाचा. चार्ल्स बूथचे लंडनच्या गरिबीचे रंगवलेले नकाशे पाहिले की कोणत्या गल्लीत कोण राहत होतं ते गल्लीगणिक कळतं. ब्रॅडशॉच्या जुन्या वेळापत्रकांच्या प्रती स्कॅन केलेल्या मिळतात. गाडीची वेळ मनाने लिहू नका.

पहिला खर्डा झाला की एक रंगीत पेन घेऊन प्रत्येक माहितीखाली रेघ मारा. एका पानात तीनहून जास्त रेघा असतील तर तीनच ठेवून बाकीची माहिती खोडा, मग ती कितीही कष्टाने मिळवलेली असो. दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर आठ हजार शब्दांना जागा मिळणं कठीण. चार-पाच हजारांत बसवावं लागतं, आणि अंकाचं काम पावसाळ्यातच सुरू होत असल्याने मजकूर जून-जुलैपर्यंत तयार हवा. एवढी छाटणी वर्णनं कापून होत नाही. एक संशयित आणि त्याचा फसवा सुगावा मुळासकट काढा, मग तीन रकान्यांचा कागद पुन्हा आखा, कारण त्या माणसाने पाहिलेलं एखादं खरं काही आता दुसऱ्या कोणाला तरी पाहावं लागेल.